वेस्टरप्लाटेचे काव्य आणि शरणागतीचा अर्थ
१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन युद्धनौकेने पोलंडच्या वेस्टरप्लाटे ठाण्यावर तोफा डागल्या. १२ तास तग धरण्याची अपेक्षा असलेल्या, सुमारे २०० सैनिकांच्या या ठाण्याने सात दिवस झुंज दिली. ७ सप्टेंबरला मेजर हेन्रिक सुहार्स्की यांनी शरणागती पत्करली.

गाउचिन्स्की यांच्या १९३९ मधील प्रसिद्ध कवितेत मात्र हे सैनिक रांगेने स्वर्गाची वाट चालतात. कंसांत येणाऱ्या त्या वर्षीच्या रम्य उन्हाळ्याच्या उल्लेखांनी तिचे कारुण्य गडद होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्यक्षात बहुसंख्य सैनिक जिवंत राहिले व कैदेत गेले. हा दोष केवळ तपशिलाचा नव्हे. वीरकाव्याला मरण पूर्णविरामासारखे सोयीचे असते. ज्याने माणसे वाचविली त्या अधिकाऱ्याला त्यात स्थानच उरत नाही. कवितेत सुहार्स्की कोठेही नाहीत.

१९६७ मध्ये स्तानिस्वाव्ह रुझेविच यांच्या चित्रपटाने त्यांना परत आणले. लढा चालू ठेवू पाहणाऱ्या कॅप्टन दोम्ब्रोव्स्कींशी त्यांचा संघर्षही त्यात आहे. ‘शरण’ या शब्दाचा मूळ अर्थ आश्रय, रक्षण असा आहे. सुहार्स्कींची शरणागती त्या अर्थानेच वाचली पाहिजे.