कुकुरदेव आणि वाघ्या : लोककथेतील मृत प्राण्याचे स्थान

मराठी लोकमानसाने भुतांची जी विस्तृत वंशावळ रचली आहे, तिच्यात प्राण्याला स्वतःचे असे घर नाही. मुंजा, समंध, ब्रह्मराक्षस, अलवंतीण, जखीण, हडळ, खवीस, झोटिंग ही सारी नावे पाहिली तर प्रत्येकामागे एक अपुरे राहिलेले माणसाचे आयुष्य उभे असते. मुंज झाली पण लग्न झाले नाही तो मुंजा; बाळंतपणात गेली ती अलवंतीण; निःसंतान मेलेला, धनावर जीव ठेवून गेलेला तो समंध. म्हणजे भूत होण्यासाठी आधी समाजात एक स्थान असावे लागते, आणि त्या स्थानाला लागू असलेला एखादा संस्कार चुकावा लागतो. आपल्या भुतांना जात आहे, लिंग आहे, वैवाहिक दर्जासुद्धा आहे. प्राण्याची मुंज होत नाही, त्याला पिंड दिला जात नाही. तेव्हा त्याचे काही अपुरेही राहत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कथांत देवचार कुत्र्याच्या किंवा रेड्याच्या रूपाने वाटेत आडवा येतो खरा, पण ते रूप घेतलेले असते. आत जो असतो तो प्राणी नव्हे. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिरामागून चालत गेलेला कुत्राही शेवटी धर्मच निघतो.

इंग्रजी लोकपरंपरेशी तुलना केली म्हणजे हा फरक ठसठशीत होतो. पूर्व इंग्लंडच्या वाटांवर फिरणारा काळा कुत्रा कुणाचे रूप घेऊन येत नाही; तो कुत्र्याचेच भूत असतो. कॉनन डॉयलच्या १९०२ सालच्या बास्करव्हिल कादंबरीला जी भीती हाताशी मिळाली ती या परंपरेतून. १९१३ साली एलियट ओडोनेल यांनी केवळ प्राण्यांच्या भुतांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. तशा पुस्तकाला आपल्याकडे सामग्री किती मिळाली असती, याविषयी मी साशंक आहे. मराठी गूढकथेत मांजर, घुबड, टिटवी ही सूचक म्हणून येतात, कुणाच्या तरी येण्याची वर्दी देतात आणि निघून जातात.

मग अन्यायाने मारलेल्या प्राण्याचे लोककथा काय करते? या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखाच्या पूर्व सीमेपलीकडे, एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या छत्तीसगडात, फार स्पष्ट स्वरूपात सापडते. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ साली सुरू झाला. त्याच्या आगेमागे विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे रुआबांधासारख्या वसाहतींत स्थिरावली. या कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून बालोदमार्गे येते. त्या बालोदजवळच्या खपरी गावात कुकुरदेवाचे मंदिर आहे. नागवंशी राजवटीच्या काळातले, चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे मंदिर मानले जाते, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने ते संरक्षित केले आहे. गाभाऱ्यात शिवलिंग आहे. पण गाव ज्याच्या नावाने या देवळाला ओळखते, तो कुत्रा आहे.

कथा थोडक्यात अशी. एक बंजारा आपल्या कुटुंबासह आणि कुत्र्यासह या मुलखात आला. दुष्काळ पडला, तेव्हा त्याने सावकाराकडून कर्ज काढले. आणि फेडणे जमेना तेव्हा कुत्रा गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल जिथे दडवला, तिथे कुत्र्याने सावकाराला नेले. सावकार इतका प्रसन्न झाला की त्याने कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मालकाकडे परत पाठवले. कुत्रा पळून आला असे समजून बंजाऱ्याने त्याला काठीने मारून टाकले. मग गळ्यातली चिठ्ठी त्याच्या नजरेस पडली. त्या पश्चात्तापातून देऊळ उभे राहिले.

या कथेचे सौंदर्य तिच्या करुण शेवटात आहे असे सामान्यतः समजले जाते. मला ते गहाणाच्या कल्पनेत दिसते. भटक्या बंजाऱ्यापाशी जमीन नाही, घर नाही. बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या या जमातीची सारी पत तिच्या शब्दावर उभी होती. गहाण ठेवलेला कुत्रा हा त्या शब्दाचेच सजीव रूप होय. म्हणून तो परत आलेला दिसताच बंजाऱ्याच्या मनात आनंद न येता संताप येतो. कुत्र्याने आपल्याला खोटे पाडले असे त्याला वाटते. तो मारतो ते आपली पत राखण्यासाठी. आणि ज्या क्षणी तो मारतो, त्या क्षणी ती पत आधीच मुक्त झालेली असते. या ठिकाणी कथाकाराने, तो कुणीही असो, जे साधले आहे ते भल्या नाटककारालाही सहज साधणारे नव्हे. कुत्रा दोघांशीही इमानी राहिला. सावकाराशी तो इमानी राहिला नसता, तर जगला असता.

एक आक्षेप मात्र घेतला पाहिजे. या कथेत सावकार उदार ठरतो आणि ऋणको खुनी. कर्जाच्या फासात सापडलेल्या माणसाची कहाणी सांगताना लोककथेने दयेचा सारा वाटा धनकोच्या पदरात टाकावा, हे निरागसपणे घडलेले नसावे. चिठ्ठीसुद्धा सावकाराची आहे. कुत्रा बोलू शकत नाही, बंजारा ऐकून घेत नाही, आणि त्या दोघांमध्ये जे एकमेव लेखन आहे ते सावकाराच्या हातचे. कथेचे अनेक निवेदक देवळाची शोभा आणि कुत्र्याची निष्ठा यांवर रेंगाळतात. या लेखनाकडे कुणी वळून पाहत नाही.

हीच कथा मंडल्याकडे, आताच्या दिंडोरी जिल्ह्यातील कुकर्रामठ येथे, कलचुरिकालीन शिवमंदिराशी जोडून सांगतात. तिथल्या देवाचे नाव ऋणमुक्तेश्वर. एकच कथा दोन देवळांना जन्म देऊ शकत नाही. तेव्हा देऊळ आधी आणि कथा नंतर, असा क्रम लावणे भाग पडते. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ऋणाबद्दल गहाण ठेवलेल्या इमानी कुत्र्याचे हे कथाबीज १७८ब या क्रमांकाखाली नोंदलेले आहे, आणि त्याच्या शेजारीच १७८अ म्हणून पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातील ब्राह्मणीची व मुंगसाची कथा आहे. मरे एमेनो यांनी १९४० साली या दुसऱ्या कथेवर एक निबंध लिहिला. अभिजात कथा प्रत्यक्ष घडलेली, अलीकडची हकीकत म्हणून कशी सांगितली जाते, हा त्याचा विषय होता. खपरीत नेमके तेच घडले आहे. मात्र पंचतंत्रातील मुंगसाला देऊळ मिळाले नाही. लिखित परंपरेत कथा नीतीपाशी येऊन थांबते, अविचाराने कृती करू नये एवढे सांगते. मौखिक परंपरेला तेवढ्याने समाधान होत नाही, तिला दगड लागतो, जागा लागते. खपरीला लोक कुत्रा चावला किंवा मुलांना डांग्या खोकला झाला म्हणून येतात. छत्तीसगडी बोलीत या खोकल्याचे नावच कुकुरखांसी असे आहे. नावाच्या साम्यावरून कुत्र्याकडे मुलांचे रक्षण सोपवले गेले असावे, असा तर्क करता येतो.

फ्रान्समध्ये लियाँजवळ तेराव्या शतकात ग्विनफोर्त नावाच्या शिकारी कुत्र्याला लोक संत मानीत आणि आजारी मुले त्याच्या थडग्यापाशी नेत. त्याची कथा आपल्या मुंगसाचीच. मूल सापापासून वाचवले आणि गैरसमजातून मालकाने मारले. एत्येन द बूर्बाँ या डॉमिनिकन धर्मगुरूने ती हाडे उकरून जाळली, भोवतालची राई तोडली. श्रद्धा मात्र पुढे शतकानुशतके टिकली. १९७९ साली जाँ-क्लोद श्मित यांनी तिचा इतिहास लिहिला.

हाडे उकरण्याची ही इच्छा आपल्याला अपरिचित नाही. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले. त्याला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे साहाय्य होते. महाराजांच्या चितेत या कुत्र्याने उडी घेतली या आख्यायिकेला समकालीन साधनांत आधार दाखवता आलेला नाही. तिच्या प्रसाराला राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाने बळ दिले. २०१२ साली पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०१७ साली पुण्यात गडकऱ्यांचा पुतळा फोडला गेला. २०२५ साली स्मारक काढण्याची मागणी नव्याने झाली. वादात दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न विचारला: कुत्रा होता की नव्हता? इतिहासकाराला तो विचारलाच पाहिजे, आणि गडावरच्या फलकावर काय लिहावे हे त्याच्या उत्तरानेच ठरावे. समीक्षकाचा प्रश्न वेगळा आहे. खपरीच्या कथेत माणूस कुत्र्याला मारतो आणि त्याचे ऋण दगडात फेडतो. वाघ्याच्या कथेत कुणीच अपराधी नाही. कुत्रा स्वतःहून सती जातो. लोककथेच्या गाभ्यात असलेला पश्चात्ताप इथे पूर्णपणे वगळला गेला आहे, आणि त्याच्या जागी सेवकाचे निष्ठाप्रदर्शन आले आहे. ही नाटककाराच्या युगाची भावना आहे. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये कुत्र्याप्रमाणे भुंकत देवाची चाकरी करतात. त्या चाकरीतही विनोद आहे, सलगी आहे. रायगडच्या कथेत ती सलगी नाही. माझ्या मते ती आख्यायिका म्हणून दुबळी आहे, आणि तिच्याविषयीचा वाद तिच्या आशयाहून मोठा झाला आहे.

वाघाच्या बाबतीत चित्र पालटते. स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नर्मदाकाठची एक समजूत नोंदवली आहे: वाघाने मारलेल्या माणसाचा आत्मा वाघाच्या मस्तकावर बसतो आणि त्याला शिकाऱ्यांपासून वाचवीत फिरतो. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात व एल्विन यांच्या १९३९ च्या बैगांवरील पुस्तकात अशा आत्म्याला शांत करण्याचे, वाघाचे तोंड बांधण्याचे विधी आलेले आहेत. हे वाघाचे भूत म्हणून सांगितले जाते, पण नीट पाहिले तर भूत माणसाचेच आहे. वाघ त्याचे वाहन. आणि तेही विलक्षण भूत. ज्याने आपल्याला खाल्ले त्याचीच ते पाठराखण करते, आपल्याच गावावर त्याला आणते. रानाच्या कडेला मेलेल्या, गावाने ज्याचे अवशेषही गोळा केले नाहीत अशा माणसाचा राग यात आहे. गावाने आपल्याला सोडले, तर आपण वाघाचे झालो.

म्हसोबाचे उदाहरण या दोहोंच्या मधले. दामोदर कोसंबींनी म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडला. देवीने ज्याला मारले, तो रेडा शेंदूर लावून बांधावर बसला, आणि पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी माघी पौर्णिमेला म्हस्कोबाचे जोगूबाईशी थाटाचे लग्न लागते. मारलेला प्राणी मारणाऱ्या देवीच्याच कुळाचा जावई होतो, असे कोसंबींच्या मार्गाने म्हणता येईल. मेलेल्या माणसाला वाटेला लावण्यासाठी आपल्याकडे श्राद्ध आहे. मारलेल्या प्राण्यासाठी तशी तरतूद नाही, म्हणून त्याला ठेवून घ्यावे लागते, नाते लावून, नाव देऊन.

खपरीच्या देवळात हे ठेवून घेणे दगडात दिसते. लिंगापुढे हात जोडणारा भाविक बाहेरच्या कुत्र्याच्या मूर्तीलाही तेवढ्याच सहजतेने कुंकू लावतो. बंजारे त्या वाटेने जाईनासे झाले, रेल्वे आली तेव्हा त्यांचा व्यापारच मोडला. पण कथा मात्र अजून त्यांचीच म्हणून सांगितली जाते, ज्यांना तिथे देऊळ बांधण्याइतकी उसंत किंवा जमीन कधी मिळाली असेल असे वाटत नाही.