इंग्रजी ‘सेल्फ’, तुर्की ‘केन्दी’ आणि पाठ्यपुस्तकातला तक्ता

तुर्कीच्या प्राथमिक पुस्तकांत एक तक्ता हमखास भेटतो. मायसेल्फ म्हणजे केन्दिम, युवरसेल्फ म्हणजे केन्दिन, हिमसेल्फ आणि हरसेल्फ दोन्हींसाठी केन्दिसी, अवरसेल्व्ह्ज म्हणजे केन्दिमिझ. तक्ता खोटा नाही. ‘केन्दी’ या मुळाला ‘माझा, तुझा, त्याचा’ दाखवणारे प्रत्यय लागतात हे त्यातून चटकन कळते, आणि तुर्कीत व्याकरणिक लिंग नसल्याने दोन इंग्रजी शब्द एकात कसे मावतात हेही दिसते. माझी तक्रार पुढची आहे. हा तक्ता हाताशी धरून भाषांतर केले की शब्द बरोबर येतात आणि वाक्य बिघडते.

‘आय वॉश्ड मायसेल्फ’ घ्या. तक्त्याप्रमाणे ‘केन्दिमी यिकादिम’. व्याकरणाने चालेल, पण तुर्की माणूस एवढेच म्हणेल : ‘यिकान्दिम’. ‘यिकामाक’ म्हणजे धुणे. त्याच्या धातूला ‘न’ जोडला की ‘यिकान्माक’, अंघोळ करणे. कपडे घालणे (गियिन्मेक) आणि केस विंचरणे (तारान्माक) यांतही हाच ‘न’ आहे. ‘स्वतःला’ हा अर्थ क्रियापदाच्या पोटात असतो, वेगळे सर्वनाम लागत नाही. आपणही ‘मी स्वतःला धुतले’ म्हणत नाही, ‘अंघोळ केली’ म्हणतो.

मग सगळीकडे ‘न’ लावून मोकळे व्हावे का? इथे खरी अडचण सुरू होते. स्वरान्त धातूंना कर्मणी प्रयोगातही हाच ‘न’ लागतो. ‘यिकान्दी’ म्हणजे ‘त्याने अंघोळ केली’ आणि ‘ते धुतले गेले’ही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, म्हणून उदाहरण यंत्राचे देतो. माहितीपुस्तिकेत लिहिले आहे की फिल्टर स्वतःच स्वतःला साफ करतो. तुर्कीत ‘फिल्त्रे तेमिझ्लेनिर’ लिहिले, तर वाचणारा समजेल, ‘फिल्टर साफ केला जातो’, म्हणजे कोणीतरी करायचा आहे, बहुधा मीच. तो यंत्र उघडून बसेल. येथे ‘फिल्त्रे केन्दी केन्दिनी तेमिझ्लेर’ असे दुहेरी ‘केन्दी’ हवेच. अंघोळीच्या वाक्यात नकोसे वाटणारे सर्वनाम इथे कामाचे ठरते.

याहून चांगली कसोटी म्हणजे बर्ट्रांड रसेलच्या नावाशी जोडलेले न्हाव्याचे कोडे. गावातला न्हावी अशा सर्वांचीच दाढी करतो, जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत. मग न्हाव्याची दाढी कोण करतो? दाढी करण्यासाठी तुर्कीत रोजचा शब्द ‘तिराश ओल्माक’. पण तो वस्तरा कोणाच्या हातात आहे हे सांगत नाही. घरी आरशासमोर केली तरी ‘तिराश ओल्दुम’, दुकानात खुर्चीत बसून करून घेतली तरी ‘तिराश ओल्दुम’. भाषांतरकाराने सवयीने हा शब्द वापरला, तर ‘जे दाढी करत नाहीत त्यांची न्हावी दाढी करतो’ असे काहीतरी उरते, आणि कोडे संपते! गणिताचा विद्यार्थी बुचकळ्यात पडेल की यात विरोधाभास कुठे आहे. म्हणून ‘केन्दी केन्दिनी तिराश एत्मेक’ असे थोडे अवघडलेले तुर्की लिहावे लागते. मराठीत ‘केली’ आणि ‘करून घेतली’ हा भेद आहे, त्यामुळे आपण जरा सुखी.

काही इंग्रजी ‘सेल्फ’ तर नुसते सोडूनच द्यायचे असतात. पाहुण्याला ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हणायचे तर ‘बुयुरुन’ पुरे. ‘आय कट मायसेल्फ’ साठी कापलेला अवयव सांगतात : ‘एलिमी केस्तिम’, माझा हात कापला. ‘पुल युवरसेल्फ टुगेदर’ मात्र ‘केन्दिने गेल’ होते, शब्दशः ‘स्वतःकडे ये’. आपल्या ‘भानावर ये’ च्या अगदी जवळचे.

तक्त्याने सर्वांत जास्त अन्याय केला आहे तो ‘केन्दिसी’वर. इंग्रजी ‘हरसेल्फ’ आपला धनी साधारणपणे आपल्याच उपवाक्यात शोधतो. चॉम्स्कीने 1981 मध्ये आपल्या बंधन-सिद्धांतात याचा नियमच मांडला. ‘केन्दिसी’ हा नियम पाळत नाही. ‘अली आयशेनिन केन्दिसिनी सेव्दियिनी सोय्लेदी’ या वाक्यात आयशेचे प्रेम कोणावर? अलीवर असू शकते, स्वतःवर असू शकते, संदर्भात आलेल्या तिसऱ्यावरही. ‘केन्दिनी’ लिहिले तर ओढा आयशेकडे जातो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटते, तुम्हाला वाटू नये. ‘अली म्हणाला की आयशा आपल्यावर प्रेम करते’ आणि ‘अली म्हणाला की आयशा स्वतःवर प्रेम करते’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. ‘आपण’ उपवाक्याबाहेर अलीकडे बघतो, ‘स्वतः’ आत आयशेकडे. जोडी तंतोतंत जुळत नाही, तरी इंग्रजी तक्त्यापेक्षा ही वाट सोपी आहे.

शिवाय ‘केन्दिसी’ आदरार्थीही आहे, जसा आपला ‘आपण’ समोरच्या व्यक्तीसाठी होतो. फक्त तुर्कीत तो तिसऱ्या व्यक्तीसाठी. कचेरीत विचारले, मुदुर बेय आहेत का, तर उत्तर येते, ‘केन्दिसी तोप्लान्तिदा’. तक्त्यानुसार त्याचा अर्थ ‘हिमसेल्फ मीटिंगमध्ये आहे’ असा लागेल. मराठीत आपण सरळ म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत.