कोसोलांची वाणी आणि संग्रहालयाचे दायित्व

स्थानिक संग्रहालयांतून कृष्णवर्णीय लेखकांचा व त्यांच्या कथनपरंपरेचा गौरव व्हावा, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु गौरव कोणाचा आणि कोणत्या भाषेत, हे विचारल्यावाचून समीक्षेचे कार्य पूर्ण होत नाही. या दृष्टीने झोरा नील हर्स्टन यांचा ‘बाराकून’ हा ग्रंथ आणि अमेरिकेतील मोबील शहराच्या आफ्रिकाटाउन वस्तीत जुलै २०२३ मध्ये उघडलेले हेरिटेज हाउस यांचा आम्ही एकत्र विचार करीत आहोत.

गुलामांच्या आयातीस १८०८ पासून बंदी असतानाही १८६० साली ‘क्लोटिल्डा’ जहाजातून ११० आफ्रिकी माणसे अलाबामात आणली गेली. पुरावा नष्ट व्हावा म्हणून जहाज जाळण्यात आले. मुक्तीनंतर त्यांतील काहींनी आफ्रिकाटाउन वसविले. त्यांच्यापैकी ओलुआले कोसोला यांची कहाणी हर्स्टन यांनी लिहून घेतली. जहाजाच्या अवशेषांची ओळख २०१९ मध्ये पटली. त्यांतील काही तुकडे आज हेरिटेज हाउसमध्ये आहेत. मात्र तेथील प्रदर्शनाचा भर लाकडावर नसून माणसांवर आहे, हे आम्हांस मोलाचे वाटते.

हर्स्टन यांचा प्रथम प्रयत्न सदोष होता. १९२७ च्या त्यांच्या लेखातील बराच मजकूर दुसऱ्या लेखिकेच्या १९१४ च्या पुस्तकातून नामनिर्देश न करता घेतलेला होता. पुढे मात्र त्या कोसोलांच्या दारी पुन्हा गेल्या. पीच फळे नेली, त्यांचे मौन सोसले, त्यांनी परत पाठविले तर परतल्या. ऐकण्याची ही साधना ‘बाराकून’ची खरी शक्ती आहे. १९३१ मध्ये ग्रंथ सिद्ध झाला, तेव्हा बोलीऐवजी प्रमाण इंग्रजी वापरावी अशी प्रकाशकाची अपेक्षा होती. हर्स्टन यांनी ती मानली नाही. ग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९३५ मध्ये कोसोला आणि १९६० मध्ये स्वतः हर्स्टन निवर्तल्या होत्या.

आमच्या वाचकांस येथे चुल्लवग्गातील प्रसंग आठवेल. ब्राह्मणकुलात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस भाषेत बसविण्याची अनुज्ञा मागितली; तथागतांनी ती नाकारून ‘स्वतःच्या भाषेत’ शिकण्यास सांगितले. या शब्दाचा अर्थ बुद्धघोषांनी मागधी असा केला, हा मतभेद आहेच. तथापि प्रतिष्ठितांच्या भाषेत गेल्यावाचून वचनास मोल नाही, ही समजूत तेथे फेटाळली गेली, हे निर्विवाद होय. दलित आत्मकथनांच्या भाषेला नाके मुरडणारे टीकाकार आपणही पाहिले आहेत.

तरीही ‘बाराकून’ची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. कोसोला हे त्या जहाजावरील ‘अखेरचे’ हयात व्यक्ती, असा समज दीर्घकाळ रूढ होता. २०१९ व २०२० मधील संशोधनाने दाखविले की रेदोशी १९३७ पर्यंत आणि मटिल्डा मॅक्रीअर १९४० पर्यंत जिवंत होत्या. त्या दोघी स्त्रिया होत्या आणि त्यांच्या कहाणीचा असा ग्रंथ झाला नाही. एका निवेदकाच्या तेजात अन्य निवेदक दिसेनासे होतात, याचे हे उदाहरण होय.

म्हणून संग्रहालयाने लेखकाचा सत्कार करून थांबू नये. ज्यांची वाणी टिपली गेली ती त्यांच्याच बोलीत जतन करावी, आणि ज्यांचे कोणी ऐकले नाही त्यांची रिकामी जागाही दाखवावी. ती जागा झाकणारा उत्सव, आमच्या मते, अर्धाच इतिहास सांगतो.