फाटलेला आवाज आणि जुने व्हॉल्व्ह

सेनगावातल्या माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आता दुरुस्तीपेक्षा जुन्या वस्तूंची चौकशी जास्त होते. गेल्या वर्षी हिंगोलीहून गिटार वाजवणारा एक तरुण आला. फळीवरच्या जुन्या लाउडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहून म्हणाला, "काका, यातले नुसते व्हॉल्व्ह द्या. जुन्याचा गोडवा नव्याला येत नाही." त्याने सांगितलेली किंमत माझ्या महिन्याच्या कमाईएवढी होती. तरी मी लगेच हो म्हणालो नाही. हा समज एकदा तपासावा, असे फार दिवस मनात होते.

व्हॉल्व्हचे काम सोपे आहे. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे जातात. मधली जाळी त्यांना आवरते. जाळीवरचा लहानसा बदल प्लेटवर मोठा होऊन उमटतो. ली डी फॉरेस्टने १९०६ साली ही जाळी बसवली. पुढे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ईसीसी८३ आणि ईएल८४ हे व्हॉल्व्ह बनवले. बीटल्स वापरत त्या व्हॉक्स एसी३० अ‍ॅम्प्लिफायरमध्ये याच जातीचे व्हॉल्व्ह होते.

फरक मागणीत आहे. रेडिओचा आवाज फाटू नये म्हणून आम्ही आयुष्य घालवले. गिटारवाल्याला तो फाटलेलाच हवा असतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर मर्यादा ओलांडली की लहरीचा माथा सहसा एकदम सपाट कापतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तो हळूहळू दाबतो. म्हणून तार जोरात छेडली की आवाज चिरकत नाही, भरून येतो.

व्हॉल्व्हचे चाहते रसेल हॅम यांच्या १९७३ च्या निबंधाचा आधार घेतात. ताण वाढला की व्हॉल्व्हमध्ये दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर, ठळक होतो, असे त्यात मांडले आहे. पण हॅम यांनी स्टुडिओतले माईकचे अ‍ॅम्प्लिफायर तपासले होते. व्हॉल्व्ह किती जुना, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. शिवाय मोठ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह बहुधा पुशपुल जोडीने चालतात आणि तिथे तयार होणारे सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खोडतात. मग सगळे श्रेय त्या काचेच्या नळीला कसे द्यायचे? १९६४ साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने कापून आपला प्रसिद्ध फाटका आवाज मिळवला होता.

आम्ही दुकानातच प्रयोग केला. माईकच्या जागी गिटार जोडली. पोराला पाठ करून बसवले आणि ईसीसी८३ च्या जागी कधी बेंगळुरूचा जुना, कधी रशियाचा नवा व्हॉल्व्ह लावला. सात वेळांत त्याने चार वेळा बरोबर ओळखले. एवढे तर नाणे उडवूनही जमते. एक जुना व्हॉल्व्ह मात्र पेन्सिलीने टिचकी मारताच स्पीकरमधून घंटेसारखा वाजला. तो दोष होता, गोडवा नव्हे. मग व्हॉल्व्ह तसेच ठेवून मी भोंगा काढला आणि कागदी कोनाचा बारा इंची स्पीकर जोडला. पहिल्याच तारेला पोरगा वळून म्हणाला, "काका, हा आवाज!"

एवढ्याशा प्रयोगावरून नियम काढता येत नाही, आणि सगळे व्हॉल्व्ह सारखे असतात असेही मी म्हणत नाही. गेन, खरखर, टिकाऊपणा यांत फरक पडतो. पण गिटारचा तो आवाज व्हॉल्व्ह, सर्किट, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मिळून घडवतात. नुसते व्हॉल्व्ह उपटून नेले तर इथला एक चालता संच मरतो आणि तिकडे मनाजोगता आवाज मिळेलच असे नाही.

शेवटी पोराने अख्खा अ‍ॅम्प्लिफायर नेला. वीज काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट उरू शकतात, हे त्याला दोनदा बजावले. कपॅसिटर नवे घातले, तीन पिनांची वायर लावली आणि पैसे त्याने आधी सांगितले होते त्याच्या निम्मेच घेतले.