घरांच्या मधली जागा

शहर बघायला जायचं म्हणजे आपण इमारती बघायला जातो. आम्हीही काही वर्षांपूर्वी कोपनहेगनला गेलो ते यादी खिशात घेऊनच. आर्ने याकोबसेनचं १९६० सालचं हॉटेल यादीत पहिलं. इमारतीपासून खुर्चीपर्यंत, इतकंच काय, जेवायच्या काट्याचमच्यांपर्यंत सगळं एकाच माणसाच्या हातचं. बघितलं, आवडलं. पण घरी परतल्यावर डोळ्यांसमोर येत राहिलं ते दुसरंच. भर बाजाराच्या रस्त्यात एक म्हातारं जोडपं बसलं होतं. काही विकत घेत नव्हतं, कुणाची वाट बघत नव्हतं. नुसतं बसलं होतं.

तो रस्ता म्हणजे स्ट्रॉयेट. एक किलोमीटरहून थोडा जास्त लांब. नोव्हेंबर १९६२ मध्ये तिथे मोटारींना बंदी झाली तेव्हा व्यापारी खवळले होते. आपली हवा ही अशी थंड, रस्त्यात रेंगाळणं हे इटलीतल्या लोकांचं काम, आपल्याकडे कोण फिरकणार, असा त्यांचा सूर. म्हणजे ‘आपल्या लोकांना ते जमायचं नाही’ हे काही फक्त डोंबिवलीतच ऐकू येतं असं नाही! पुढे यान गेल या वास्तुविशारदाने रस्त्यावर उभं राहून माणसं मोजली. कोण चालतंय, कोण थांबतंय, कोण कुठे टेकतंय. १९७१ साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. डॅनिश नावाचा अर्थ साधारण ‘घरांच्या मधलं जीवन’.

त्याची मांडणी साधी आहे. माणूस तीन तऱ्हांनी घराबाहेर असतो. एक, गरजेपोटी : कामाला जाणं, भाजी आणणं. दोन, हौसेखातर : फिरणं, टेकणं, बघत राहणं. तीन, माणसांत असणं : बोलणं, भेटणं, ओळख होणं. गरजेची कामं जागा कशीही असली तरी होतात. हौस मात्र जागा बरी असेल तरच टिकते. आणि तिसरी गोष्ट या दोहोंतून आपोआप उगवते. म्हणून जागा सुधारा, माणसं रेंगाळतील. माणसं रेंगाळली की समाज दिसेल.

पुस्तक उत्तम आहे, पण ते आमच्या स्टेशनात येऊन अडखळतं. सकाळची फास्ट लोकल घ्या. याहून वाईट जागा कुठली? उभं राहायला पाऊल मावत नाही. प्रवास निव्वळ गरजेचा, हौसेचा त्यात लवलेश नाही. आणि तिथेच भजनी मंडळं टाळ घेऊन उभी असतात. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवण होतं, कुणाच्या मुलीचं स्थळ ठरतं. तीन-तीन दशकं टिकलेल्या मैत्र्या त्या डब्यात जमल्यात. गेलच्या हिशेबात हे बसत नाही. जागेच्या दर्जाइतकीच, कदाचित त्याहून जास्त, रोज त्याच वेळी तीच माणसं भेटण्यात ताकद असते, हे त्याने पुरेसं मोजलं नाही असं आम्हाला वाटतं.

पण थांबा. हा मुद्दा आपल्याकडे फार सोयीस्कर होतो. ‘बघा, आपल्या माणसांना बाकं लागत नाहीत, ती कुठेही जमवून घेतात.’ मग बाकं कुणी बसवायची? आणि एक दिवस पास संपतो. नोकरी सुटली, पासाची गरज संपली, की तो डबाही सुटतो. आदल्या दिवसापर्यंत ज्याला शंभर माणसं नावाने ओळखत होती, त्याला आपल्याच गल्लीत ओळखणारं कुणी नसतं. कारण गल्लीत तो कधी होताच कुठे? तीस-पस्तीस वर्षं तो तिथून फक्त जात होता. आम्ही याबद्दल ऐकीव बोलत नाही. इथे गेलचं म्हणणं परत उभं राहतं, आणि या वेळी ते खोडता येत नाही.

ठाणेकरांना तलावपाळी आहे, कल्याणकरांना काळा तलाव आहे. डोंबिवलीकरांना रस्ता आहे. पूर्वी चाळीची गॅलरी होती, बैठ्या घराचा ओटा होता. घरात बसूनच माणूस अर्धा बाहेर असे. कोपनहेगनमध्ये एकोणिसाव्या शतकात कामगारांसाठी बांधलेली एक वस्ती आहे, ‘बटाट्याच्या ओळी’ म्हणतात तिला. दारासमोर हातभर बाग, तिच्यापुढे रस्त्यातच टेबलं-बाकं. (आज तिथे कामगाराला घर परवडणार नाही, तो भाग वेगळा.) हातभर बागेचं काम आपली गॅलरी करत होती. ती आपण आत घेतली. वन रूम किचनमध्ये पाच माणसं असली की घ्यावीच लागते, त्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. पण गॅलरी गेली तेव्हा चार फूट घर वाढलं आणि तेवढाच रस्ता कमी झाला, हे कुठल्याच नकाशात दिसलं नाही.

आणि तरी दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जाऊन बघा. गणेश मंदिरापर्यंत नुसती माणसं. नवे कपडे घातलेली तरुण पोरं-पोरी, कित्येक वर्षांनी भेटलेले वर्गमित्र. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली याच गावात सुरू झाली आणि मग गावोगाव गेली. त्या दिवशी काम कुणालाच नसतं. सगळे हौसेने आलेले असतात. डॅनिश व्यापाऱ्यांची समजूत स्ट्रॉयेटने खोटी पाडली, तीच समजूत फडके रोड दरवर्षी एक-दोन सकाळी खोटी पाडतो. दुसऱ्या दिवशी रिक्षा, स्कूटर आणि हॉर्न परत येतात.

परवा संध्याकाळी आम्ही बाजारात पाय दुखले म्हणून एका दुकानाच्या पायरीकडे वळलो. तिथे कुणी बसू नये म्हणून कडेने लोखंडी टोकं ठोकली होती. अगदी मापात, सारख्या अंतरावर. तेही डिझाइनच, नाही का? आम्ही दुकानाच्या खांबाला टेकून थोडा वेळ उभे राहिलो आणि रिक्षा केली.