एकाहत्तर पानांची तेरा पानं कशी झाली?

आज मी एका अहवालावर बोलणार आहे. अहवाल म्हटलं की लोक मोबाइल काढतात, मला ठाऊक आहे. पण हा विषय आपल्या मराठी वृत्तपत्रांपर्यंत येतो, म्हणून थोडा धीर धरा.

ऑक्टोबर २००९. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक. पी. साईनाथ यांनी त्या दिवसांतले मराठी पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि 'द हिंदू'त लिहिलं, की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचा एकच मजकूर 'लोकमत', 'पुढारी' आणि 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये शब्दशः आलाय. 'जाहिरात' हा शब्द कुठेच नाही. निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रांतल्या जाहिरातींपोटी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. चव्हाणांनी पैसे दिल्याचं नाकारलं, आणि निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली रद्द केला. हेही सांगायलाच हवं, नाहीतर आपणही अर्धी बातमीच देतोय.

अशा तक्रारी देशभरातून आल्यावर प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. २०१० मध्ये त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला. त्यात आरोप आहेत, वृत्तपत्रांची नावं आहेत, त्यांचे खुलासेही आहेत. कौन्सिलने काय केलं? १३ पानांचा वेगळा अंतिम अहवाल काढला, त्यातून नावं गेली आणि मूळ अहवाल 'संदर्भासाठी' म्हणून बाजूला ठेवला! कायद्याप्रमाणे कौन्सिलच्या २८ सदस्यांत ६ जागा वृत्तपत्रांच्या मालक-व्यवस्थापकांच्या असतात. पुढे २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर पूर्ण अहवाल लोकांसमोर आला.

आता टीका. १३ पानांत 'पेड न्यूज वाईट आहे' हे अगदी ठासून म्हटलंय. पण कुणाचंच नाव न घेता केलेला निषेध कुणालाच लागत नाही. ७१ पानं जास्त प्रामाणिक आहेत, तरी त्यांनाही मर्यादा आहे. हे व्यवहार रोखीत होतात, पावती नसते. त्यामुळे बराचसा भार माणसांच्या सांगण्यावर आणि परिस्थितीजन्य पुराव्यावर पडतो.

माझ्या मते अहवालाचा सर्वांत मोलाचा धागा बातमीदाराच्या नोकरीचा आहे. कंत्राटी नेमणुकांमुळे पत्रकार दुबळा झाला, हे तो नोंदवतो. तुमच्या तालुक्याचा वार्ताहर आठवा. मानधन इतकं तुटपुंजं की पेट्रोलही भागत नाही. कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, आणि साहेबांचा वाढदिवस! ज्या बाजार समितीच्या सभापतीकडून शुभेच्छांचं अर्धं पान आणायचं, त्याच बाजार समितीतल्या गैरव्यवहाराची बातमी त्यानेच द्यायची. कशी देणार? त्याला नीतिमत्तेच्या कार्यशाळेला बसवणं म्हणजे जखम पायाला आणि मलम शेंडीला.

म्हणून आचारसंहितेपेक्षा मला दोन साध्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. वार्ताहराला पगार हवा आणि जाहिरात गोळा करणारा माणूस वेगळा हवा. छोट्या जिल्हा दैनिकाला हे परवडत नाही, असं मालक म्हणतात. काही ठिकाणी ते खरंही आहे. मोठ्या साखळी दैनिकांना मात्र ही सबब चालणार नाही.

हे अहवाल वाचणार असाल तर आधी १३ पानं वाचा, मग ७१. गाळलेल्या मजकुरावर पेन्सिलने खुणा करत जा. प्रश्न असतील तर आता घेऊ.