तारेची उपमा, नळीची उपमा

ब्रायन ग्रीन यांचे ‘द एलिगंट युनिव्हर्स’ हे पुस्तक १९९९ साली निघाले. ‘सुपरस्ट्रिंग’ उपपत्ती सामान्य वाचकाला समजावून देणारे इतके गाजलेले पुस्तक क्वचितच दुसरे असेल. मी ते यंदा पुन्हा वाचले ते वाङ्मयाचा वाचक म्हणून, आणि माझे लक्ष सारखे त्यातल्या उपमांकडे गेले.

उपपत्तीचे बीज असे: इलेक्ट्रॉन, क्वार्क हे मूलकण बिंदू नव्हेत, त्या अतिसूक्ष्म तारा आहेत. तार जशी कंप पावेल तसा कण. अणू विश्वाएवढा फुगवला, तर ही तार जेमतेम झाडाएवढी व्हायची! आइन्स्टाईनचे गुरुत्वाकर्षण आणि अणूच्या पोटातले पुंजविज्ञान यांचे जमत नाही, हे जुने दुखणे. १९७४ साली ध्यानात आले, की तारेचा एक कंप गुरुत्वाकर्षण वाहणाऱ्या कणाचाच आहे. खरा चमत्कार हा.

मात्र त्यासाठी अवकाशाच्या तीन मिती पुरत नाहीत, नऊ लागतात. (१९९५ नंतर दहा म्हणू लागले, तो हिशेब इथे नको.) उरलेल्या सहा कुठे दडल्या? इथे ग्रीन बागेतली नळी पुढे करतात. दुरून ती नुसती रेघ. तिच्यावरच्या मुंगीला मात्र तिची गोलाई ठाऊक. ही उपमा सजावट करीत नाही, विचार करते.

व्हायोलिनच्या तारेची उपमा तशी नाही. ती आपल्याला सुखावते. पण वाद्याची तार आधी कुणीतरी जुळवलेली असते. विश्वाची तार कोणत्या पट्टीत जुळली? ते त्या सहा मिती कशा गुंडाळल्या यावर ठरते. आकार हजारो आहेत हे ग्रीन लपवीत नाहीत, तरी त्यांतला एक निवडता येईल असा त्यांचा सूर. पुढे २००३ साली काच्रू, कॅलॉश, लिंडे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी यांनी आपल्या प्रसरण पावणाऱ्या विश्वाला मानवेल अशी रचना मांडली. त्या सुमारास अशा रचनांचा अंदाज एकावर ५०० शून्ये इतका गेला! २०१८ साली वाफा प्रभृतींनी उलटच शंका घेतली, की अशी स्थिर रचना मुळी संभवतच नाही. तो वाद मिटलेला नाही. जिनिव्हाजवळच्या यंत्रात २०१२ साली हिग्ज कण सापडला. ‘सुपर’ या शब्दाने कबूल केलेले जोडीदार कण मात्र अद्याप दिसलेले नाहीत.

कवितेला सौंदर्य हा पुरावा चालतो. ग्रीन तोच पुरावा पुस्तकाच्या नावातच मांडतात, आणि त्यांची भाषा इतकी गोड, की वाचक तो मागाहून तपासायचे विसरतो. माझी तक्रार एवढीच. पुस्तक मी कॉलेजातल्या पुतणीला दिले आहे. नळीचे प्रकरण आधी वाच, व्हायोलिनचे नंतर, असे बजावून.